ताटातली अर्धी भाजी

।। श्री ।।
सुपा, ता. पारनेर
१८ डिसेंबर १९७१

प्रेमला हिस,

पत्राला मायना घातलेला नाही. का घातला नाही ते तुला ठाऊक आहे.

तुझं सामान उद्याच्या एस.टी.नं पाठवते आहे. लुगडी, पोलकी, तुझी ट्रंक, तुझ्या आईनं दिलेली समई, सगळं आहे. कंडक्टर ओळखीचा आहे, तो भंडारदऱ्याच्या गाडीत चढवून देईल. वडिलांना उतरवून घ्यायला सांग. लग्नातलं तुझ्या नावाचं ताट तेवढं ठेवून घेतलं आहे. शामकांत दुसऱ्या ताटात जेवत नाही. दुसरं पुढे केलं की याला काय लावलंय म्हणून वास घेत बसतो. माझ्या भावाचं दुखणं तू दोन वर्षं पाहिलं आहेस, तुला नव्यानं काय सांगू.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. म्हणतात, एवढी गोष्ट उघड्या कार्डावर लिहायला नको होती, धरणाच्या कचेरीत चार लोकांनी वाचली. जे उघडंच आहे ते पाकिटात घालून कसं झाकणार? तीन महिने तू बाहेर बसली नाहीस. पोलकं छातीशी ओलं व्हायचं, ते मी धुणं वाळत घालताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन लघवी तपासली, तिथंही होय निघालं. आणि शामकांत माघापासून ओसरीवर निजतो, तू माजघरात, मध्ये माझं अंथरूण. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तू रडत एवढंच म्हणत होतीस, "वन्सं, माझं मलाच कळत नाही." असली गोष्ट बाईला कळत नाही होय?

तरी मी आधी चांगलंच समजले होते हो. चुलीपुढे बसल्या बसल्या तुझा डोळा लागायचा, भाकरी करपायची, उठलीस की भिंत धरायचीस. म्हटलं, लग्नाला चार वर्षं झाली, देव पावला. मग माझ्या अंथरुणाकडे लक्ष गेलं.

शामकांत शाळेत शिकवायला जातो. तुझं नाव काढत नाही. एकदाच म्हणाला, "अक्का, मी म्हणत होतो ना तिच्याबद्दल?" मी होय म्हटलं.

अंबिका

&nbsp;

सुपा
२ फेब्रुवारी १९७२

प्रेमला हिस,

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. लिहितेस, माहेरी आल्यावर सहा आठवड्यांत कावळा शिवला, आता सगळं पूर्वीसारखं आहे, पोटात काही नव्हतंच, आता तरी खात्री पटेल.

पटली. भंडारदऱ्याच्या डोंगरात पाला-मुळ्या देणाऱ्या बाया पुष्कळ आहेत हे मलाही माहीत आहे. जे केलंस ते तू जाण आणि देव जाणे. मला पुन्हा लिहू नकोस. तुझं पत्र मी चुलीत घातलं.

ज्याचं अक्षर बघून तुझ्या वडिलांनी स्थळ पसंत केलं, त्याच्या हाताला आता कंप आहे. गावातल्या दर लग्नाची पत्रिका त्याच्या हातची असायची. परवा फळ्यावर सह्याद्रीची रेघ काढताना खडू तीनदा तुटला, पोरं हसली. मास्तर हसले नाहीत की रागावले नाहीत, लाकडासारखे उभे राहिले, असं शेजारच्या रतनबाईचा नातू सांगत होता. तू घर सोडल्यापासून त्याचं असं झालं, असं मी लोकांना सांगते.

अंबिका

&nbsp;

।। श्री ।।
सुपा
२७ ऑगस्ट १९७२

चि. सौ. प्रेमला हिस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायचा मला अधिकार उरलेला नाही. जुन्या सवयीनं हात लिहून गेला. खोडत नाही.

चार दिवस लिहिते आहे आणि फाडते आहे. आज जे होईल ते होवो, टाकणार आहे.

गेल्या मंगळवारी शामकांतच्या गोळ्या आणायला नगरला गेले होते. होय, गोळ्या. त्या कधी बंद झाल्याच नव्हत्या. मी तुला सांगितलं होतं की डॉक्टरांनी आता नुसती विश्रांती सांगितली आहे. ते खोटं होतं.

इस्पितळात बाकावर माझ्यापुढे शेवगावकडची एक बाई होती, मालनबाई नावाची. बरोबर सतरा-अठरा वर्षांची लेक. मुलगी तोंड अर्धवट उघडं टाकून बसलेली. मला ते तोंड ओळखीचं वाटलं, कुठं पाहिलं ते आठवेना. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. मालनबाई डॉक्टरांना सांगत होती, "सायेब, पोरीला कावळा शिवून चार म्हयनं झालं. आंगावर दूध येतंया. गाव थुकतंय, हिचा बाप म्हनतो हिरीत ढकलतो. पन ही माझ्या नजरंआड एक घडी गेल्याली न्हाई. म्या इचारलं तिला. न्हाई म्हनली. मंग म्या तेच धरून बसले. मला माझ्या पोरीचं त्वांड ठावं हाय."

डॉक्टर म्हणाले, "बाई, तिच्या पोटात काही नाही. हा तिच्या गोळीचा परिणाम आहे. काही बायकांना असं होतं. पाळी थांबते, दूध येतं. गोळी बदलतो, दोन महिन्यांत ठीक होईल."

"मंग ते लगवीत आलं ते?"

"ही गोळी त्या तपासणीलासुद्धा कधी कधी चकवते. मी चिठ्ठी लिहून देतो, ती हिच्या बापाला दाखवा."

मालनबाईनं तिथंच टेबलावर डोकं टेकलं. मी बाकावरून उठले, हातातली शामकांतची चिठ्ठी पाहिली. क्लोरप्रोमाझिन असं लांबलचक नाव आहे. बाहेर आल्यावर मालनबाईला म्हटलं, बघू तुझी चिठ्ठी. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं जुळवता येतात. तेच नाव होतं.

आता पुढचं लिहायचं तर हात जड होतो. पण ऐक.

पहिल्या महिन्यात शामकांतनं गोळ्या घेतल्या, मग थुंकायला लागला. म्हणाला, तुम्ही दोघी मला विष घालताय. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की खंड पडू द्यायचा नाही. तेव्हा मी गोळ्या वरवंट्यानं कुटून त्याच्या भाजीत घालू लागले. गोळी फार कडू, म्हणून रोज मेथी. मेथी मिळाली नाही की कारलं, तेही नसलं की भातावर मेथकूट दाबून. तू हसून म्हणायचीस, "वन्सं, मास्तरांना मेथीचं एवढं वेड कधी लागलं?" तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, आणि तो तुझ्या तोंडाकडेच बघत असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत होते.

तो अर्धी भाजी खायचा आणि ताट तुझ्यापुढे सरकवायचा. "तू खा. मला बघू दे."

नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत या घरात तुला मी लावली. लग्नानंतर तू वेगळं ताट घेतलंस तेव्हा मीच ते काढून घेतलं होतं, आठवतं? आईनं तसंच केलं, मी माझा संसार होता तोवर तसंच केलं. तुझ्या माहेरी ती रीत नव्हती. तू तोंडातून ब्र न काढता त्याच्या ताटात जेवायला लागलीस आणि मला वाटलं, पोर वळणाची आहे.

प्रेमला, मी चुलीपाशी बसून बघत होते. तू ती भाजी खात होतीस, रोज, दोन्ही वेळा, आणि मला माहीत होतं तिच्यात काय आहे. हेच मला लिहायचं होतं. बाकी सगळं अजाणता झालं म्हणता येईल, हे म्हणता येणार नाही. "खाऊ नको" म्हणायला माझी जीभ उचलत होती. पण तसं म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं. म्हटलं, चार घास पोटात गेले म्हणून काय होतंय, धडधाकट पोर आहे, पचवील. तू म्हणालीस जीभ बधिर होते, मी म्हटलं चुना जास्त झाला असेल, तर तू म्हणालीस, "पण मी पान कुठं खाते?" त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. उन्हात गेलीस की कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. झोप आवरायची नाही. मी तुला आळशी म्हटलं, मग गर्भार म्हटलं, आणि मग जे म्हटलं ते कार्डावर लिहून पाठवलं.

आता कळलं ते मालनबाईच्या लेकीचं तोंड कुणाचं होतं. गेल्या दिवाळीत फराळाचं करताना तू तसंच तोंड उघडं टाकून बसली होतीस आणि मी म्हटलं होतं, "मिट ते, माश्या जातील."

त्या अडाणी बाईनं लेकीला एक प्रश्न विचारला. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, मास्तर विष्णुपंतांची मुलगी, मी तुला काही विचारलं नाही. निकाल आधीच देऊन बसले होते.

शामकांतचं दुखणं दोन गोष्टींचं होतं. कुणी तरी जेवणात काही घालतं, आणि बायको आपली नाही. पहिली गोष्ट मी खरी केली आणि दुसरीला साक्ष दिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात, पण मारुती तरी देवच असतो.

तू ये. नाहीतर मी येते, तुझ्या वडिलांच्या पायावर डोकं ठेवते. तू म्हणशील ते करते.

अंबिका

&nbsp;

सुपा
२६ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. प्रेमला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर दसऱ्याला मिळालं. चारच ओळी, मला पाठ झाल्यात. "वन्सं, पहिलं कार्ड उघडं आलं. ते वाचून धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि वडील वर्षभर माझ्याशी धड बोललेले नाहीत. तुमचं पाकीट मी एकटीनं वाचलं, वडिलांना दाखवलं तर म्हणाले, हे तूच लिहून घेतलं असशील. उघड्या कार्डावर लिहा."

तुझं चुकलं नाही. मी म्हणाले होते ना, तू म्हणशील ते करते? आणि महिना झाला, कार्ड आणून फडताळात ठेवलंय, लिहवत नाही.

का ते सांगते. कार्ड सुप्याच्या पोस्टातून निघणार. इथल्या पोस्टात वाचलेलं संध्याकाळपर्यंत पारावर असतं. मास्तरला वेडाच्या गोळ्या चालू आहेत हे कळलं तर शाळा त्याला एक दिवस ठेवणार नाही. आणि त्याला स्वतःला पारावर ऐकून कळलं तर? म्हणून म्हटलं, आधी मीच सांगावं, मग कार्ड लिहावं.

भाऊबीजेला ओवाळायच्या आधी सांगितलं. पाटावर बसला होता. सगळं सांगितलं, मेथीचं, ताटाचं, तुझं. तो ऐकत राहिला. मग हसला. दीड वर्षात त्याच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. हसला आणि म्हणाला, "म्हणजे अक्का, मी वेडा नव्हतो."

मी म्हटलं, "अरे, ते भाजीपुरतं—"

"भाजीत होतं ना? मी म्हणत होतो ना?" एवढंच. तुझं काय झालं ते त्याच्या कानात शिरलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, प्रेमला निर्दोष होती रे. तर म्हणाला, "हे तुला तिनंच सांगायला लावलं."

त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा बंद. गोळी बंद. चुरमुरे आणि केळी बाजारातून स्वतः आणतो आणि ट्रंकेला कुलूप लावून ठेवतो. पहिले आठ दिवस चांगले गेले, हात स्थिर झाला, मला वेडीला वाटलं की देवानं माफ केलं. त्यानं फळ्यावर नकाशा काढला म्हणे, पूर्वीसारखा. मग झोप गेली. खिडक्यांच्या फटींत कागद कोंबले. परवा शाळेत मुलांना पाण्याच्या माठापासून हाकललं आणि माठ फोडला. दुष्काळाचे दिवस, पाणी बैलगाडीनं येतं, पोरं दिवसभर तहानेली राहिली. हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, रजा टाका.

कार्ड अजून फडताळातच आहे. तू मला शिव्या दे.

अंबिका

&nbsp;

सुपा
२० फेब्रुवारी १९७३

चि. सौ. प्रेमला,

अक्षर वाचता येत नसेल तर सावकाश वाच. हात माझा कापतो आहे, त्याचा नाही. म्हणजे त्याचाही कापतो.

मार्गशीर्षात त्याची हाडं वर आली. रजेचे दिवस संपले. एकदा मला उखळाच्या मुसळानं मारलं, खांद्यावर, ते बरं झालं. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात ठेवा असं सगळ्यांचं म्हणणं. मी एकदा तिथल्या फाटकापर्यंत जाऊन आले. तो चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मी त्याला वाढवला. नाही सोडवलं.

पौषात एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. भुकेनं माणूस कुणाच्याही दारात येतो. म्हणाला, "अक्का, त्यात काय असतं ते तुला ठाऊक आहे. तू आधी खाल्लंस तर मी खाईन. माहीत असून कुणी खाणार नाही."

तुझं ताट काढलं. मेथी वाढली. त्या दिवशी भाजीत काही नव्हतं. मी अर्धी खाल्ली, ताट सरकवलं, तो जेवला. अडीच महिन्यांनी माझ्या हातचं जेवला. मी पदर तोंडात कोंबून मोरीत गेले.

चौथ्या दिवशी गोळ्या कुटल्या.

मला दुसरा रस्ता दिसला नाही, दिसत असेल तर तू दाखव. त्याला जेवढी पोचायला हवी तेवढी पोचायची तर कुटायची दुप्पट, म्हणजे माझ्या पोटात त्याच्याइतकीच. मी समोर खाते, तो माझ्या गिळण्याकडे बघतो, मग तो खातो. डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं तर बंद करतील.

झोप कशी असते ते आता मला कळतं. झोप नव्हेच ती, कुणी ओली गोधडी डोक्यावर टाकावी तसं आहे. आणि पाय. पाय एका जागी ठरत नाहीत. देवापुढे बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं. तुला मी म्हणायचे, "काय सारखी येरझाऱ्या घालतेस, घरात कुणी आहे का वाट बघायला?" काल रतनबाई ताक मागायला आली नि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आक्का, त्वांड का वं असं उघडं टाकलंया? बरं न्हाई व्हय?" मी मिटलं. ती गेल्यावर पुन्हा उघडलं असेल.

शामकांत शांत आहे. ओसरीवर बसून असतो. शाळेनं कायमचं काढलं. आता झाकायला काही उरलं नाही, मूठ उघडीच आहे, म्हणून कार्ड लिहिते आहे. आधी लिहिलं असतं तर तुला मोठेपणानं दिलं असं झालं असतं. आता देते ते माझ्याकडे गमवायला काही नाही म्हणून, हे मला कळतं, तुलाही कळेल.

ये असं म्हणत नाही. या ताटापाशी तुला कुठल्या तोंडानं बोलावू? ताट पाठवायलाही हवं, तुझं आहे. पण त्याचं जेवण त्यातच होतं आणि आता माझंही.

पाकीट आज टाकते. कार्ड उद्या, म्हणजे आधी हे तुझ्या हातात पडेल आणि तू वडिलांच्या कचेरीत जाऊन उभी राहशील, ते वाचलं जाताना.

अंबिका

&nbsp;

पोस्टकार्ड
सुपा, ता. पारनेर, जि. अहमदनगर
२१ फेब्रुवारी १९७३

श्री. राधाकृष्णपंत यांस, धरण कचेरी, भंडारदरा.

स. न. वि. वि. नोव्हेंबर ७१ मध्ये मी आपणांस कार्ड लिहून आपली कन्या सौ. प्रेमला हिच्यावर आळ घेतला. तो खोटा होता. तिला दिवस गेले नव्हते. माझा भाऊ शामकांत यास वेडावरची गोळी मी चोरून भाजीत घालत होते, आणि त्याच्या ताटातली ती भाजी मी डोळ्यांदेखत तिला खाऊ दिली. त्या गोळीनं तिचं तसं झालं. तिनं काही केलं नाही. तिनं कुणाकडून काही पाडून घेतलं नाही. तिची धाकटी बहीण चांगल्या घरची आहे. तिला एकदाही न विचारता मी हे केलं. आता त्याच ताटात मी जेवते.

हे कार्ड वाटेत जो वाचील त्यानं पुढच्याला वाचून दाखवावं.

अंबिका विष्णुपंत